मिस्त्रीचं लॉक

माणसाने स्वतःच्या तोंडाला स्वतःच्या हाताने काळं फासावं, रोज फासावं, आणि फासताना शेजारच्या टायरवाल्याला नीट दिसावं म्हणून गॅरेजच्या दारातच उभं राहावं, याला लोक दुःख म्हणतात. मी उद्दामपणा म्हणते. दुःख मलाही आहे. मी ते येणाऱ्याजाणाऱ्याच्या पदरात टाकत नाही.

आज सकाळीही तेच झालं. खडीवाला आपली नवी पिकअप घेऊन दारात आला. गाडी कसली, हत्तीचं पिल्लूच. चाकं माझ्या कमरेला लागतील एवढी, आणि इंजिन असं की त्याने नुसतं चालू ठेवलं तरी आमच्या पत्र्यावरची धूळ खाली माझ्या चहात.

"मिस्त्री, मागच्या ॲक्सलला लॉक बसवून द्या," तो म्हणाला. "खाणीत नुसता चिखल आहे. एक चाक जागच्या जागी गरगरतं आणि दुसरं जावयासारखं बसून बघतं."

मिस्त्री हातातला पाना पुसत राहिले. पाना स्वच्छच होता.

"मी लॉक बसवत नाही आता."

"असं कसं? लॉक म्हटलं की लोक तुमचंच नाव घेतात."

"माझ्या लॉकनं माझा पोरगा मेला. तुम्हाला पोरंबाळं आहेत. दुसरीकडे जा."

टायरवाला पाण्याच्या टबात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होता. त्याचा हात थांबला. त्याने हे वाक्य आजवर इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवेल, तरी दरवेळी कान टवकारतोच. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. संध्याकाळच्या आत खडीवाल्याची गोष्ट पार वेल्डरपर्यंत जाणार, हे मी तेव्हाच ओळखलं.

"खडीवाले, तुम्ही बसा," मी खुर्चीतून ओरडले. "यांचं डोकं ठिकाणावर नाही. आमच्या लॉकने आजवर कोणाला दगा दिलेला नाही."

"काकू," तो स्वतःच्या चपलेकडे बघत म्हणाला, "बसवणाराच नको म्हणतो, तर मी कसं बसवून घेऊ?" आणि गेला. जाताना इंजिन मुद्दाम हळू चालवत गेला, आजाऱ्याच्या खोलीतून बाहेर पडावं तसा.

"झालं समाधान?" मी मिस्त्रींना विचारलं.

"खरं ते सांगितलं."

"खरं विचारलं होतं कुणी? त्याने लॉक मागितलं होतं, प्रवचन नाही."

त्यांनी पुन्हा तोच पाना पुसायला घेतला. पूर्वी बोलायचे. माझ्या एकाला दोन द्यायचे, आणि मग आम्ही दोघं हसायचो. आता माझं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

मिस्त्री म्हणजे माझा नवरा. लग्न होऊन आले तेव्हा सगळे त्यांना मिस्त्री म्हणत, मीही म्हणू लागले. शाळा मी दोन वर्षं पाहिली, तीसुद्धा बाहेरूनच जास्त. जे शिकले ते या गॅरेजमधल्या खुर्चीत बसून. गिऱ्हाइकाशी बोलणं माझ्याकडे, गाडीखाली जाणं त्यांच्याकडे, अशी आमची वाटणी होती. ते गाडीशी गोड बोलायचे आणि मी माणसांशी कडू, त्यामुळे धंदा ठीक चालायचा.

ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगते. पिकअपच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडाचा एक भोपळा असतो. त्याच्या पोटात डिफरन्शियल. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, आतल्याला कमी. हा भोपळा दोघांना आपापल्या चालीने चालू देतो. रस्त्यावर हे शहाणपण, पण चिखलात हेच नडतं. जे चाक सुटं, सगळी ताकद त्याच्याकडेच वाहून जाते. ते गरगरतं, आणि कोरड्यावरचं ढिम्म हलत नाही. तिथे लॉक लागतं. बटण दाबलं की आतली कडी सरकते आणि दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात. मग फिरतील तर दोघं. चिखल संपला की लॉक सोडायचं. ते जर अडकून बसलं, तर कडक रस्त्यावर गाडी वळायला मागत नाही. तुम्ही स्टिअरिंग फिरवता आणि ती आपली नाकासमोर चालते.

आणि या भोपळ्यातून प्रत्येक चाकाकडे एकेक शाफ्ट जातो. हातभर जाडीची म्हणू नका, पण मनगटाएवढी पोलादी दांडी. अख्ख्या इंजिनाचा जोर शेवटी या दोन दांड्यांवर. आमच्या भिंतीवर दोन तुटके शाफ्ट टांगलेले आहेत, दुसऱ्यांच्या घरी हरणाची शिंगं असावीत तसे. मिस्त्री प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांच्यासमोर उभं करायचे. "हा बघा, धक्क्यानं गेला. गाजरासारखा तुटलाय, कट्‌कन. आणि हा? हा ताकदीनं गेला. बघा कसा पिळवटलाय. याच्या खाचा सरळ असतात, त्या गोल फिरल्यात. धुणं पिळतात तसा." मग माझ्याकडे बघून म्हणायचे, "ज्याला अक्षर येत नाही त्यालाही हे वाचता येतं."

मी म्हणायचे, "टोमणा कळला हो."

आमचा एकच मुलगा. बापाच्या पोटी जन्मला, पण भोपळ्याकडे वळला नाही, इंजिनाकडे वळला. लोक त्याला दम्या म्हणत, कारण तो गाड्यांत दम भरायचा. मला ते नाव कधी आवडलं नाही. खोकला झाल्यासारखं वाटायचं. त्याचं काम हातांना काळं न लागणारं. स्टिअरिंगखाली एक वायर लावायची, दुसरं टोक लॅपटॉपला, आणि इंजिनाचा जो मेंदू असतो त्या डब्यात काहीतरी उलटंसुलटं करायचं. गाडी आत येताना बैल असायची, बाहेर जाताना वळू. लोक लांबून यायचे. आजकाल दर साली नवी पिकअप निघते आणि तिची ताकद मागच्या सालापेक्षा जास्त. गेल्या वर्षीची दमदार गाडी यंदा म्हातारी. मग तिचा मालक दम्याकडे येणार.

बापलेकांचं यावरून रोज वाजायचं.

"आधी पाय, मग छाती," मिस्त्री म्हणायचे. "इंजिनाला जोर दिलास, मागचा शाफ्ट तोच. कंपनी ताकद वाढवते तेव्हा ॲक्सलही जाड करते."

"बाबा, कंपनी तेच इंजिन एका गाडीत बांधून ठेवते आणि महागाच्या गाडीत मोकळं सोडते. मी फक्त दोरी सोडतो."

"दोरी सुटलेला बैल कुठे जातो माहितीये?"

"चारा खायला."

मी हसायचे. मिस्त्री जेवणाच्या ताटावरून उठायचे, पण दोन पावलं जाऊन परत बसायचे. हे भांडण म्हणजे आमच्या घरचा रेडिओ होता. आता बंद पडला, तर कानात नुसती खरखर आहे.

पोराची स्वतःची पिकअप मात्र दोघांची होती. लॉक बापाचं, दम लेकाचा. खाणीतून दगडी लाद्या डोंगर ओलांडून शहरात पोचवायचं काम तो करायचा. मागे ट्रॉली जोडायची, दिवसाला दोन फेऱ्या. दुसऱ्या फेरीहून येईपर्यंत त्याची पोरगी झोपलेली असायची.

एकदा जेवताना सूनबाई म्हणाली, "अजून थोडी वाढवा ना ताकद. एकाच फेरीत सगळा माल आणाल. दिवे लागायच्या आत घरी याल. ही रोज विचारते, बाबा दिसायला कसे आहेत म्हणून."

आम्ही सगळे हसलो. पोरगीही हसली, तिला काय कळलं कोण जाणे.

मिस्त्री म्हणाले, "जाड शाफ्ट मागवलेत मी त्याच्या गाडीसाठी. येऊ देत, मग वाढव."

"येतील तेव्हा घालू, बाबा."

"थांब जरा."

"आता बायकोनं ऑर्डर दिलीय," पोरगा म्हणाला आणि सूनबाईकडे बघून डोळा मारला. ती लाजली. जेवण झाल्यावर तो लॅपटॉप घेऊन अंगणात गाडीत जाऊन बसला, आणि सूनबाई त्याच्यासाठी बॅटरी धरून उभी राहिली.

त्यानंतर काही दिवस तो खरंच दिवे लागायच्या आत आला. पोरगी त्याच्या मानेवर बसून गॅरेजभर फिरायची. सूनबाई मला म्हणाली, "बघा आई, मी म्हटलं नव्हतं?" मी म्हटलं, "म्हटलं होतंस बाई, म्हटलं होतंस. तुझं डोकं, त्याचं इंजिन."

मग एका दुपारी डोंगराच्या वळणावर, चढ चढताना, भरलेल्या ट्रॉलीसकट गाडी दरीत गेली. बघायला कोणी नव्हतं. सरळ पुढे गेली की मागे घरंगळली, सांगायला कोणी नव्हतं. तपासणीवाले आले, ब्रेक ठीक होते म्हणाले, आणि गेले.

लोक भेटायला आले. मेल्या म्हशीला मणभर दूध. जे त्याला पोरकट म्हणायचे तेही म्हणाले, कारागीर गेला. मी सगळ्यांना चहा दिला. माझ्या डोळ्यांतलं पाणी बघायला आलेल्यांना तसंच परत पाठवलं.

ते जाड शाफ्ट नंतर आले. लाकडी पेटीत, खिळे ठोकून. कोणी उघडली नाही. भिंतीला लावून ठेवली आहे.

मोडकी गाडी ओढून आणल्यावर मिस्त्रींनी मागचा ॲक्सल सोडवून आतल्या खोलीत नेला. ताडपत्री ओढली. मला म्हणाले, "तू येऊ नकोस." मी बाहेर, सूनबाई माझ्या शेजारी, पोरगी त्या पेटीवर पाय हलवत. आतून पान्यांचे आवाज आले, मग आवाज बंद झाले, आणि मग फार वेळ काहीच नाही. बाहेर आले तेव्हा कोपरापर्यंत काळं तेल.

"लॉक अडकलं होतं," ते म्हणाले. "कडी आतच राहिली. खाणीतून निघाल्यावर सुटली नाही. गाडी वळलीच नाही वळणावर."

सूनबाई रडली नाही. ती मोजून बोलणारी. ती म्हणाली, "तुमचं लॉक कधी अडकत नाही, असं तुम्हीच सांगायचात."

"अडकलं."

"तुम्ही ते तपासलं नव्हतं?"

"नाही तपासलं."

तिने पोरीला पेटीवरून उचललं. त्या दिवसापासून ती माहेरी. निघताना मिस्त्रींच्या पाठीकडे बघून म्हणाली, "यांच्या हातचं पाणीसुद्धा माझ्या पोरीला नको."

आणि तेव्हापासून मिस्त्री दारात उभे राहून जगाला सांगतात, माझ्या लॉकनं पोरगा मेला. गिऱ्हाईक तुटलं. लॉकवाला मिस्त्रीच स्वतःच्या लॉकला खुनी म्हणतो, मग येईल कोण?

माझं मन मात्र मानत नव्हतं. मी त्यांना लॉक बसवताना बघत आले आहे. बसवल्यावर गाडी जॅकवर चढवायची, एक चाक हाताने फिरवायचं, दुसरंही त्याच दिशेला फिरतं का बघायचं; मग लॉक सोडायचं, पुन्हा एक फिरवायचं, आता दुसरं उलट फिरायला हवं. हे ते इतक्यांदा करायचे की गिऱ्हाईक घड्याळ बघून कंटाळायचं. तो माणूस पोटच्या पोराचं लॉक तपासणार नाही?

म्हणून आज खडीवाला गेला तेव्हा माझं डोकं फिरलं. मिस्त्री समोरच्या नळावर हात धुवायला गेले, धुवत बसले. मी उठले, ताडपत्री सारली आणि आत गेले. मनाशी ठरवलं होतं, ती कडी घ्यायची आणि चौकातल्या दुसऱ्या मिस्त्रीपुढे नेऊन टाकायची. तो आमचा वैरी. त्याने जर लॉक निर्दोष म्हटलं, तर जग मानेल.

ॲक्सलशेजारच्या डब्यात तेल होतं, तेलात कडी होती. मी ती पुसून उजेडात धरली. तिचे दाते लहान पोराच्या नव्या दातांसारखे. अडकलेली कडी चावल्यासारखी दिसते, तिच्या कडा जातात, एवढं मलाही कळतं. हिला ओरखडा नव्हता. लॉक सुटलेलं होतं. नीट, वेळेवर, सुटलेलं होतं.

मग ॲक्सलच्या मागे मला पोराचा कामाचा शर्ट दिसला. निळा, खिशावर शाईचा डाग. मी धुवून धुवून थकले तरी न गेलेला. मी तो उचलायला गेले तर उचलेना. आत काहीतरी जड गुंडाळलेलं होतं.

शाफ्ट होता. दोन तुकडे. तेल लावून ठेवलेले, गंज चढू नये म्हणून. आणि त्याच्या खाचा सरळ नव्हत्या. गोल फिरलेल्या. धुणं पिळतात तसा.

ज्याला अक्षर येत नाही त्यालाही हे वाचता येतं.

खरं सांगते, आधी मला आनंद झाला. जीव हलका झाला. माझ्या माणसाच्या हाताने काही झालं नव्हतं. शाफ्ट ताकदीने गेला होता. भरल्या चढावर चाकांचा जोर एकाएकी गेला, आणि एवढं ओझं ब्रेकने धरेना, गाडी मागे घरंगळत गेली. ते तुकडे परत शर्टात गुंडाळून मी काखेत मारले आणि दाराकडे निघाले. त्यांच्यापुढे टाकणार होते. टायरवाल्याच्या टबात टाकणार होते. विहिणीच्या दारात जाऊन सूनबाईच्या पुढ्यात टाकणार होते. बघ, म्हणणार होते, कोणाच्या हातचं पाणी नको म्हणालीस ते बघ.

ताडपत्री सारून बाहेर आले तर सूनबाई गॅरेजमध्ये उभी. पोरगी तिच्या बोटाला. मिस्त्री नळाकडून येऊन तिच्यासमोर थांबलेले, हातातून पाणी गळतंय.

"लॅपटॉप न्यायला आलेय," ती म्हणाली. माझ्याकडे बघून, त्यांच्याकडे नाही. वाळली होती. डोळ्यांखाली काजळ फासल्यासारखं काळं. "आणि एक विचारायचंय."

"विचार."

"तिकडे एक ड्रायव्हर आहे. तो म्हणाला, लॉक अडकलं तर चढावर गाडी एवढ्या वेगात नसतेच की सरळ दरीत जाईल. तो म्हणाला, ताकद वाढवलेली असेल तर शाफ्ट तुटतो आणि गाडी मागे येते." ती थांबली. "मला तो शाफ्ट बघायचाय."

मिस्त्री म्हणाले, "भंगारात दिला."

"कधी?"

"दिला मागेच."

"तुम्ही तर मोडका खिळासुद्धा भंगारात देत नाही, बाबा." आल्यापासून पहिल्यांदा तिने त्यांच्याकडे पाहिलं. "मला झोप येत नाही. डोळे मिटले की मी अंगणात बॅटरी धरून उभी असते. मीच म्हटलं होतं ना, अजून वाढवा. ते थांबले असते. बाबा थांब म्हणत होते. मीच..."

पोरगी तिचं बोट सोडून त्या पेटीकडे गेली आणि नेहमीसारखी वर चढून बसली. पाय हलवायला लागली. टाचा लाकडावर वाजत होत्या.

मी मिस्त्रींकडे पाहिलं. त्यांची नजर माझ्या काखेतल्या निळ्या शर्टावर होती. एवढ्या वर्षांत त्या माणसाने माझ्याकडे कधी काही मागितलं नाही, ना चहा ना साखर. आता मागत होते. तोंडाने नाही. जॅक घसरताना गाडीखालच्या माणसाचा व्हावा तसा त्यांचा चेहरा झाला होता. आणि तेव्हा कुठे माझ्या मठ्ठ डोक्यात उजेड पडला की हे दारात उभं राहून कोणाला ऐकवत होते. टायरवाल्याला नाही, खडीवाल्यालाही नाही. फिरत फिरत ते हिच्या माहेरी जाऊन पोचावं, म्हणून.

"आई," सूनबाई म्हणाली, "सगळे माझ्याशी जपून बोलतात. तुम्ही कोणाला जपत नाही. मनात आलं ते तोंडावर फेकता. मला तुमचं पटेल. तुम्ही सांगा. लॉकच होतं ना?"

माझी जीभ. सगळं आयुष्य मी तिच्यावर मिरवले. खोटं बोलायची गरज दुबळ्यांना पडते, असं मी याच खुर्चीत बसून कितीजणांना सुनावलंय. आणि आमचं लॉक कधी दगा देत नाही, हे तर आजच सकाळी सुनावलं होतं. माझ्यापाशी दुसरी कसली इस्टेट नव्हती. ही एवढीच होती.

"लॉकच होतं," मी म्हटलं.

ती बघत राहिली.

"मी स्वतः कडी बघितली. दाते चावलेत तिचे. डोळे अधू झालेत यांचे, हात कापतात, पण सांगेल कोण? मी सांगितलं होतं, दुसऱ्याकडून तपासून घ्या. ऐकलं नाही. मोठे मिस्त्री ना!" आवाज चढवायला मला कष्ट पडत नाहीत. "शाफ्टला काय धाड भरलीय? शाबूत होता. मीच भंगारात दिला, डोळ्यांसमोर नको म्हणून. तुझ्या ताकदीचा काही संबंध नाही. तू काय समजतेस, तुझ्या एका शब्दाने पोलाद तुटतं? एवढी मोठी लागून गेलीस?"

मिस्त्रींनी मान खाली घातली. माझ्या प्रत्येक शब्दाबरोबर ती थोडी थोडी खाली जात होती.

सूनबाईने श्वास सोडला. इतका लांब की मला वाटलं ती पडते आता. मग खांदे खाली आले आणि ती रडली. इथून गेल्यापासून पहिल्यांदा रडत असावी, असं रडली. नाक पुसायचंही भान नाही. मी जवळ गेले नाही. काखेत शाफ्ट होता.

"हे काय आहे, आई?" रडू आवरल्यावर तिने विचारलं. "त्यांचा शर्ट ना?"

"चिंधी झालीय त्याची. जुना रॉड गुंडाळलाय. तुला चांगले कपडे काढून ठेवलेत, ते ने."

तिने लॅपटॉप घेतला, कपडे घेतले. मिस्त्रींच्या समोरून जाताना थांबली. मला वाटलं, काहीतरी बोलेल. तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की तसं माझ्याकडे कोणी पाहिलं असतं तर मी त्याचं घर उन्हात बांधलं असतं. मिस्त्रींनी ते घेतलं. हात पुढे करून घ्यावं तसं घेतलं.

पोरीने पेटीवरून उतरताना आजोबांकडे बघून हात हलवला. सूनबाईने तो हात धरून खाली केला. रस्त्यावर पोचल्यावर पोरीने दुसरा हात हलवला.

टायरवाला टब सोडून दारात आला होता. "काय झालं काकू?"

"ट्यूब फुगव तुझी," मी म्हटलं. तो गेला.

मग आम्ही दोघंच. मी शर्ट बाकावर ठेवला आणि उलगडला. मिस्त्री खुर्चीत बसले, माझ्या खुर्चीत. त्यांचे ओले हात गुडघ्यांवर. भिंतीवरचा तो जुना पिळवटलेला शाफ्ट आणि बाकावरचा हा, सख्खे भाऊ दिसत होते.

"तिला कळलं असतं तर ती जगली नसती गं," ते म्हणाले. "पोरगीला कोण बघणार?"

मी दोन्ही तुकड्यांची टोकं एकमेकांना जुळवून पाहिली.

"आपला तर गेला. तो काय, लॉकनं गेला काय, ताकदीनं गेला काय. पण ती अजून..." त्यांनी ओले हात तोंडावरून फिरवले. "तुझं नाव खराब झालं. गॅरेजचं झालं. तुला सांगायला पाहिजे होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"तू खोटं बोलत नाहीस."

हे ऐकून मात्र माझ्या छातीत काहीतरी तुटलं. आणि ते गाजरासारखं कट्‌कन नाही तुटलं.

मी पदराने तोंड पुसलं. शर्टातून तुकडे काढले, शर्टाची घडी केली, माझ्या कमरेला खोचला. तो मी कोणाला देणार नव्हते. मागच्या अंगणात जुनी, बुजत आलेली विहीर आहे, दगड टाकून टाकून अर्धी भरलेली. तिकडे बोट दाखवलं. ते उठले. मोठा तुकडा एकटेच उचलायला लागले, पाठ वाकवून, एका हाताने. तेलाने हात निसटला, तुकडा बाकावर आपटला. पुन्हा उचलायला गेले, पुन्हा एकटेच.

मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"सगळ्या गिऱ्हाइकांना शिकवता, सगळं ओझं एकाच दांडीवर घेतलं की ती पिळवटते," मी म्हटलं. "आणि स्वतः? मिस्त्री म्हणून तुमच्यासारखा कोणी नाही. खोटारडे म्हणून अगदीच कच्चे आहात. तोंडाने लॉक अडकलं म्हणता आणि खरं काय ते शर्टात गुंडाळून, तेल लावून जपता. उद्यापासून विचारायला आलेल्याला मी सांगेन, तुम्ही गप्प राहायचं. तुम्हाला जमत नाही ते. मूर्ख आहात तुम्ही. धरा, ते टोक तुम्ही धरा. हे मी धरते."